हाडांचा वर्ग

ढुंढिराज गायधनी यांना पंचवटीत सगळे 'सर' म्हणत. पण ते कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. नोकरी त्यांनी पाटबंधारे खात्याच्या कचेरीत केली आणि तिथूनच निवृत्त झाले. घराणं तीर्थोपाध्यायांचं. धाकटा भाऊ त्र्यंबक रामकुंडावर येणाऱ्या यजमानांची कामं बघायचा. ढुंढिराजांचा जीव मात्र लहानपणापासून मल्लखांबात अडकलेला. कचेरीत जाण्याआधी आणि कचेरी सुटल्यावर ते व्यायामशाळेत असायचे. तेल चोळलेल्या खांबाला पायांची आढी घालून उलटं कसं लटकायचं, हे त्यांनी पंचवटीतल्या दोन पिढ्यांना शिकवलं होतं. साठी उलटली तरी रोज पहाटे लंगोट लावून ते स्वतः आधी सूर्यनमस्कार घालत, मग मुलांना घालायला लावत. आजारी पडणं हा त्यांच्या दृष्टीने आळसाचाच एक प्रकार होता.

२००१ सालच्या हिवाळ्यात त्यांना लघवीचा त्रास सुरू झाला. वय झालं, असं म्हणून त्यांनी तो बरेच दिवस अंगावर काढला. शेवटी बायकोने, सरोजिनीबाईंनी, हट्ट धरला म्हणून ते डॉक्टरकडे गेले. रक्त तपासलं, मग प्रोस्टेट ग्रंथीचा तुकडा तपासला. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. तो ग्रंथीच्या बाहेर पसरला होता. हाडांत मात्र गेला नव्हता.

पुढचं सगळं मुंबईला झालं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की हा आजार पुरुषाच्या शरीरातल्या हार्मोनवर पोसतो. ते हार्मोन बंद केलं की आजार दबून राहतो, बरीच वर्षं राहू शकतो. त्यासाठी एक तर ठरावीक काळाने आयुष्यभर इंजेक्शनं घ्यायची, नाहीतर एकदाच छोटंसं ऑपरेशन करून दोन्ही वृषणं काढून टाकायची. डॉक्टरांनी हे अगदी सहज, रोजचं बोलणं असावं तसं सांगितलं.

ढुंढिराजांनी एवढंच विचारलं की इंजेक्शनं नाशिकला घ्यावी लागतील का. डॉक्टर म्हणाले, अर्थात, तुमच्या जवळच्या कुठल्याही दवाखान्यात. नाशिकच्या कुठल्याही दवाखान्यात गेलं तर कंपाउंडर तरी ढुंढिराजांचा विद्यार्थी असणार, नाहीतर एखाद्या विद्यार्थ्याचा बाप बाकावर बसलेला असणार. दर खेपेला कुणीतरी विचारणार, सर, कसलं इंजेक्शन? ते म्हणाले, "ऑपरेशन करून टाका."

सरोजिनीबाई शेजारच्या खुर्चीवर होत्या. त्यांना डॉक्टरांनी काही विचारलं नाही आणि नवऱ्यानेही विचारलं नाही. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, पण नेमकं काय ते त्यांनाही कळत नव्हतं. तेवढ्यात तारीख ठरली.

घरी आल्यावर लोकांना सांगितलं की प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. ते तर पुष्कळ म्हाताऱ्यांचं होतं, कुणी जास्त खोदून विचारलं नाही. पुण्याला दिलेल्या मुलीला, यशश्रीलाही, तेवढंच सांगितलं. कॅन्सर हा शब्द त्र्यंबकच्या घरीसुद्धा पोहोचला नाही.

डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती संपल्यावर एका पहाटे ढुंढिराज पिशवी घेऊन व्यायामशाळेत गेले. कपडे बदलायची खोली लहान होती. तिथे सगळे भिंतीकडे तोंड करून धोतर, पायजमे सोडून लंगोट लावत. आड असं काही नव्हतंच, कधी कुणाला त्याची गरजही वाटली नव्हती. ढुंढिराज पिशवी हातात धरून दाराशी उभे राहिले. सोमा आत होता. एकेकाळी तो त्यांचा सगळ्यांत चपळ विद्यार्थी होता. आता चाळिशीला आला होता आणि सरांच्या मागे व्यायामशाळा तोच सांभाळत होता. त्याने सरकून जागा केली, म्हणाला, या ना सर. ढुंढिराज म्हणाले की गुडघा धरलाय, आज नुसतं बघतो. थोडा वेळ बाकावर बसून ते घरी आले. त्यानंतर ते गेले नाहीत. गुडघ्याचं कारण पुढे कायमचं झालं.

घरी व्यायाम करता आला असता. पण अंगात रगच उरली नव्हती. सकाळी उठल्यावरच दमल्यासारखं वाटे. वर्षभरात दंड सुकले, पोट सुटलं आणि छातीवर बाईसारखी मऊ सूज आली. ते घरातसुद्धा सैल झब्बा घालून बसू लागले. जानेवारीत नाशिकला कडाक्याची थंडी पडली होती, लोक शाली लपेटून बसले होते, तेव्हा यांना एकाएकी आतून भट्टी पेटल्यासारखं व्हायचं. मान, कपाळ घामाने निथळायचं. ते उठून खिडकी उघडायचे आणि थोड्या वेळाने कुडकुडत पुन्हा लावून घ्यायचे.

सरोजिनीबाईंनी हे पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. त्या काही न बोलता ओला पंचा त्यांच्या खुर्चीच्या हातावर ठेवायच्या. एकदा ढुंढिराजांनीच विचारलं, "तुलाही असंच व्हायचं?"

"हो. तीन-चार वर्षं चाललं होतं."

"कधी बोलली नाहीस."

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, व्यायाम कर."

ढुंढिराजांना ते आठवत नव्हतं. पण आपण तसंच म्हणालो असणार, याची त्यांना खात्री होती.

२००३ साली सिंहस्थ आला. पंचवटीतली घरं यात्रेकरूंनी भरून गेली. त्र्यंबकच्या घरी तर जिन्यातसुद्धा माणसं झोपत होती. ढुंढिराज रोज तिकडे मदतीला जायचे. पाणी भर, पानं मांड, कुणाला रस्ता दाखव. पर्वणीच्या दिवशी त्र्यंबकने त्यांना रामकुंडावर स्नानाला बोलावलं. ओल्या पंच्यानिशी चारचौघांत उभं राहायचं, या विचारानेच त्यांच्या अंगावर काटा आला. सर्दी झालीय म्हणाले. बारा वर्षांनी आलेली पर्वणी आणि मोठा भाऊ घरात बसून राहिला, याचं त्र्यंबकला फार वाईट वाटलं. त्याने तसं बोलूनही दाखवलं. ढुंढिराजांनी ऐकून घेतलं.

त्याच आठवड्यात यजमानांची एक वळकटी जिन्याखालून उचलताना त्यांच्या पाठीत कट्कन काहीतरी झालं. वळकटी जड नव्हती. एखाद्या बाईनेही ती सहज उचलली असती. ढुंढिराज होते तिथेच भिंतीला धरून खाली बसले. त्यांचा श्वास अडकला होता. तोंडातून आवाज फुटत नव्हता.

क्ष-किरणाचा फोटो काढला. पाठीचा एक मणका चेपला होता. फोटो बघणाऱ्या डॉक्टरांना जुन्या आजाराची कल्पना दिली, तेव्हा त्यांचा चेहरा बदलला आणि त्यांनी मुंबईला जायला सांगितलं. मुंबईच्या तपासण्या होऊन उत्तर येईपर्यंत नवरा-बायको एकमेकांशी फक्त जेवणा-औषधाचं बोलत होते. हाडांत गेला असेल तर पुढे काय, हे दोघांनाही ठाऊक होतं.

उत्तर आलं की हाडांत कॅन्सर नाही. सरोजिनीबाईंनी डॉक्टरांच्या टेबलापाशीच हात जोडले. पण डॉक्टरांचं बोलणं संपलं नव्हतं. आणखी एक तपासणी त्यांनी करून घेतली होती, हाडं किती भरीव आहेत ते बघायची. ती वाईट आली होती. त्यांनी समजावून सांगितलं की आजाराला पोसणारं जे हार्मोन आपण बंद केलं, तेच पुरुषाची हाडं आणि स्नायू धरून ठेवतं. पाळी गेल्यावर बायकांची हाडं ठिसूळ होतात, तसंच हे. फक्त इथे ते जास्त झपाट्याने होतं. मग त्यांनी कागदांवरून नजर वर करून विचारलं की कॅल्शियमच्या गोळ्या, व्यायाम, हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का?

कुणी सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं आणि त्या दिवशी ऐकू आलं नव्हतं, हेही आता सांगता येत नव्हतं.

"मी जन्मभर व्यायाम केला," ढुंढिराज म्हणाले. "ऑपरेशननंतर सोडला. सोडला नसता तर?"

डॉक्टर म्हणाले, थोडा फरक पडला असता. किती, ते सांगता येणार नाही.

गाडीत बसल्यावर कसारा येईपर्यंत ढुंढिराज खिडकीबाहेर बघत होते. मग एकदम सरोजिनीबाईंकडे वळून म्हणाले की थोडा म्हणजे किती असेल? व्यायामशाळा सोडल्याचं खरं कारण सरोजिनीबाईंना न सांगताच कळलेलं होतं. आता ते उघड बोललं तर या माणसाजवळ काय उरेल, असं त्यांना वाटलं. त्या म्हणाल्या, घाट संपेपर्यंत जरा पडा.

डॉक्टरांनी औषधं दिली होती आणि व्यायाम सुरू करा म्हणून सांगितलं होतं. ते ऐकून ढुंढिराजांना मनातून थोडा धीर आला होता. हे एक काम त्यांना येत होतं. पण डॉक्टरांनी नाशिकच्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंचं नाव दिलं होतं आणि बजावलं होतं की मनाने काही करायचं नाही, त्या सांगतील तेवढंच.

शुभांगी मॅडम गंगापूर रोडला एका हॉलमध्ये मंगळवारी आणि शुक्रवारी वर्ग घ्यायच्या. वयाने यशश्रीएवढ्याच. ढुंढिराज पाठीला पट्टा बांधून, सरोजिनीबाईंना सोबत घेऊन पोहोचले तेव्हा हॉलमध्ये खुर्च्यांची रांग मांडलेली होती आणि तिच्यावर बसलेल्या सगळ्या बायका होत्या. कुणी निवृत्त शिक्षिका, कुणी बँकेतल्या, दोघी-तिघी शेतावरच्या. बहुतेकींच्या पाठीला थोडाफार बाक आलेला. ढुंढिराजांना वाटलं, आपण चुकीच्या वेळी आलो. ते परत फिरणार होते, पण शुभांगीने नावाने हाक मारली आणि टोकाची खुर्ची दाखवली. सरोजिनीबाई दाराजवळ बसायला निघाल्या, तर शुभांगी म्हणाली, काकू, तुम्हीही बसा, तुम्हालाही हे हवंच आहे.

व्यायाम असे होते: हात न टेकता खुर्चीवरून उठायचं आणि सावकाश बसायचं. खुर्चीची पाठ धरून टाचा उचलायच्या. भिंतीला पाठ लावून खांदे मागे दाबायचे. पाण्याच्या छोट्या बाटल्या दोन हातांत घेऊन कोपरात वर-खाली करायच्या. जो माणूस दोन पायांच्या आढीवर खांबाला उलटा लटकून वर्तमानपत्र वाचून दाखवायचा, तो पाण्याची बाटली हातात धरून बसला होता. आणि खरी गोष्ट अशी की त्याला तेवढंही जमत नव्हतं. खुर्चीवरून उठताना मांड्या थरथरायला लागल्या आणि त्याला हात टेकावे लागले. शेजारच्या बाईने ते पाहिलं आणि मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

वर्ग संपल्यावर ढुंढिराजांनी शुभांगीला गाठलं. सूर्यनमस्कार कधी सुरू करता येतील, असं विचारलं.

"ते नकोत आता, सर."

"सावकाश घालेन. मोजके."

"पुढे वाकणं जिथे आलं तिथे नको. मणका पुढच्या बाजूनेच चेपतो. कंबरेत पिळणं नको, उडी नको, जमिनीवरून काही उचलणं नको." ती थोडी थांबली. "मला माहीत आहे तुम्ही कोण आहात ते. माझा मामा तुमच्याकडे यायचा."

ढुंढिराजांनी मान हलवली आणि चपला घातल्या. त्या सहज वाकून घालता येत नव्हत्या, म्हणून सरोजिनीबाईंनी पुढे सरकवल्या.

ते जात राहिले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणूनही असेल. वर्गात मखमलाबादच्या शकुबाई होत्या. फुलशेती होती त्यांची, पाठ निम्मी वाकलेली, आणि मनात आलं ते बोलून टाकायची सवय. एका शुक्रवारी व्यायाम संपल्यावर त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "बाबा, हे तर बायांचं दुखणं. तुम्हाला कसं झालं?"

खुर्च्या आवरणाऱ्या बायका थांबल्या. सगळ्यांच्याच मनात तो प्रश्न असणार. ढुंढिराज म्हणाले, मल्लखांबावरून पडलो. तरुणपणी. ते आता निघालंय.

सरोजिनीबाईंनी मान खाली घातली. बायकांना मात्र ते एकदम पटलं. मल्लखांब म्हणजे काय, किती उंच, भीती नाही का वाटत, असं एकीने विचारलं, मग दुसरीने. ढुंढिराज सांगू लागले. पुढच्या मंगळवारी पुन्हा सांगायला लागलं. हळूहळू असं झालं की टाचा उचलण्याच्या वेळी आकडे तेच मोजायला लागले, व्यायामशाळेतल्या खणखणीत आवाजात, आणि बायका त्या आवाजासरशी ताठ उभ्या राहू लागल्या. शुभांगीने ते चालू दिलं. हात न टेकता खुर्चीवरून उठणं त्यांना जमू लागलं. बायकांपैकी काहीजणींनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा ते संकोचले, पण त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी सरोजिनीबाईंना चहा करून दिला. आपण खोट्यावर उभे आहोत, हे त्यांना ठाऊक होतं. पण कितीतरी दिवसांनी ते कुठेतरी उभे होते.

पुढच्या वर्षी श्रावण संपता संपता, वर्गाला जाताना, त्यांची रिक्षा होळकर पुलाच्या अलीकडे एका खड्ड्यात आदळली. रिक्षा सावकाशच चालली होती. सरोजिनीबाईंचं फक्त डोकं वरच्या दांडीला लागलं. ढुंढिराजांनी त्यांचा हात घट्ट धरला आणि रिक्षावाल्याला म्हणाले, परत फिरव.

दुसरा मणका चेपला होता. या वेळी मुंबईला जायची गरज पडली नाही. नाशिकच्याच डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं. ढुंढिराजांनी विचारलं की माझं काय चुकलं? गोळ्या वेळेवर घेतल्या, वाकलो नाही, काही उचललं नाही, सांगितला तेवढाच व्यायाम केला. डॉक्टर म्हणाले, तुमचं काहीच चुकलं नाही. हाडं आधीच इतकी विरळ झाली आहेत की असं होऊ शकतं.

मुलांना शिकवताना ढुंढिराजांनी जन्मभर चूक शोधली होती. मूल खांबावरून घसरलं की ते सांगत, तुझा अंगठा चुकला, तुझी नजर चुकली, पुन्हा चढ. इथे शोधायला काही नव्हतं.

ते अंथरुणात होते तेव्हा सोमा भेटायला आला. सरांची ही अवस्था बघून त्याला भरून आलं होतं. तो म्हणाला की पडून राहू नका सर, थोडे जोर मारा, कंबर मोकळी होईल. तुम्हीच सांगायचात ना आम्हाला. ढुंढिराजांनी त्याच्याकडे पाहिलं. आता सांगावं, असं त्यांना क्षणभर वाटलं. ओठ हललेही. पण सोमाच्या मागे दारात त्याच्यासोबत आलेले दोघेजण उभे होते. ढुंढिराजांनी भिंतीकडे तोंड केलं. सर रागावले असं समजून सोमा पाया पडला आणि निघून गेला.

पट्टा सुटला तरी ते वर्गाला जायला तयार होईनात. सरोजिनीबाईंनी खूप समजावलं. शेवटी एका मंगळवारी त्या एकट्याच गेल्या. व्यायाम झाल्यावर बायका भोवती जमल्या. सर कसे आहेत, कधी येणार, मल्लखांबाचं दुखणं किती वर्षांनी उलटलं बघा. सरोजिनीबाईंना ते खोटं आणखी पुढे रेटवेना. त्यांनी खुर्चीवर बसून सगळं सांगितलं. आजार कोणता, ऑपरेशन कसलं, हाडं का गेली. सांगताना त्या रडल्या नाहीत. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं तितक्याच साधेपणाने त्यांनी सांगितलं.

मग शकुबाई म्हणाल्या, "म्हणजे मी इचारलं म्हणून त्यांना खोटं बोलाया लागलं. लय वंगाळ झालं माझ्याकडून."

घरी येऊन सरोजिनीबाईंनी नवऱ्याला सांगितलं की मी वर्गात बोलले. त्या दिवशी ते जेवायला उठले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी समोरासमोर बसूनही त्यांनी बायकोकडे पाहिलं नाही. सरोजिनीबाई स्वयंपाकघरात कामं काढत राहिल्या. सांगितलं ते बरोबर केलं की नाही, हे त्यांना स्वतःलाही कळत नव्हतं. संध्याकाळी दिवा लावून त्या बाहेर आल्या तेव्हा ढुंढिराज म्हणाले, "त्या मला आता काय समजत असतील?"

"आजारी माणूस समजतात."

"आणि तू?"

सरोजिनीबाई समोर बसल्या. "मुंबईला त्या दिवशी तुम्ही मला विचारलं नाहीत," त्या म्हणाल्या.

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

"ठाऊक नाही. कदाचित ऑपरेशनच करा म्हटलं असतं. पण मग ते आपल्या दोघांचं झालं असतं. तुम्ही ते एकट्याचं करून ठेवलंत. मला त्यात कुठून शिरायचं ते सापडलंच नाही."

ढुंढिराजांच्या कपाळावर घाम फुटला होता. तो नेहमीचा होता की दुसरा, ते सांगता आलं नसतं. सरोजिनीबाई उठल्या आणि पंचा भिजवून आणला. या वेळी तो खुर्चीच्या हातावर न ठेवता त्यांनी स्वतःच त्यांची मान पुसली. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली होती, पण असं काही त्या घरात दिव्याच्या उजेडात कधी झालं नव्हतं.

दिवाळी झाल्यावर ढुंढिराज वर्गाला गेले. बायका जपून वागत होत्या, जरा जास्तच जपून. त्यांच्या खुर्चीवर कुणीतरी उशी ठेवली होती. मल्लखांबाची गोष्ट कुणी काढली नाही. आकडे शुभांगीनेच मोजले. ढुंढिराजांच्या ते सगळं लक्षात येत होतं आणि ते कसं थांबवावं हे त्यांना समजत नव्हतं. फक्त शकुबाई निघताना जवळ आल्या आणि त्यांनी सरळ विचारलं, "लय दुखतं का, बाबा?"

"दुखतं," ढुंढिराज म्हणाले. आजवर डॉक्टर सोडून हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

पुढचं दीड वर्ष त्यांनी वर्ग चुकवला नाही. त्या काळात हाड मोडलं नाही. दंड पूर्वीसारखे झाले नाहीत, उंची कमी झाली ती परत आली नाही, पण कठडा धरून जिना चढता यायचा आणि अंघोळ स्वतःची स्वतः करता यायची. शुभांगी म्हणायची की हेच खूप आहे. ढुंढिराज त्यावर वाद घालत नसत.

मग २००६ सालच्या पावसाळ्यात रक्ताच्या तपासणीत आजाराचा आकडा वर जायला लागला. हार्मोन बंद असतानाही वाढायला आजाराने आपली वाट काढली होती. त्या वेळी हाती असलेली औषधं देऊन झाली. थंडी सुरू होईपर्यंत कॅन्सर एका मांडीच्या हाडात उतरला. आता त्या पायावर भार द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. उभं राहून करायचे सगळे व्यायाम बंद. हाडं सांभाळायला ते ज्यावर भर देत आले होते तेच आता धोक्याचं ठरलं. घरी आल्यावर ढुंढिराज एवढंच म्हणाले की एका गोष्टीसाठी चालायचं आणि दुसऱ्या गोष्टीसाठी चालायचं नाही, माणसाने करायचं तरी काय.

शुभांगी घरी यायला लागली. अंथरुणात पडल्यापडल्या करण्यासारखं थोडं होतं: चांगल्या पायाचा घोटा फिरवायचा, हाताच्या मुठी आवळायच्या, खांदे गादीत दाबायचे. ती गेल्यावर ढुंढिराज ते पुन्हा करत. सरोजिनीबाई शेजारच्या खाटेवर पडून त्यांच्याबरोबर करत. याने काही होतं का, असं त्यांनी एकदा शुभांगीला दारापर्यंत पोचवताना विचारलं. शुभांगी म्हणाली की दुखणं थांबणार नाही, काकू. मग चपला घालत म्हणाली, पण ते करतात तोवर करू दे.

संक्रांतीच्या सुमारास त्यांना दवाखान्यात हलवायचं ठरलं. घर दुसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नव्हती आणि वळणावर स्ट्रेचर फिरत नव्हतं. त्र्यंबकने व्यायामशाळेत निरोप पाठवला. सोमा तिघांना घेऊन आला. खरं दुखणं काय ते सोमाला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. त्याला एवढंच माहीत होतं की सरांना खाली न्यायचंय.

त्यांनी ढुंढिराजांना खुर्चीवर बसवलं आणि चादरीने बांधलं. त्यांचा चेहरा वेदनेने पांढरा पडला होता. चौघे खुर्ची उचलायला कमरेतून वाकले तेव्हा ते खालच्या आवाजात पण स्पष्ट म्हणाले, "असं नाही. गुडघ्यात वाका. पाठ सरळ ठेवा."

चौघेही थांबले, गुडघ्यात वाकले आणि पाठ सरळ ठेवून उठले. खुर्ची त्यांना वाटली होती त्यापेक्षा फार हलकी निघाली. सोमाने तोंड फिरवलं आणि पहिली पायरी उतरला. सरोजिनीबाई कपड्यांची पिशवी घेऊन मागे थांबल्या होत्या. त्यांनी गॅस बंद आहे का ते एकदा पाहिलं, दार ओढून कुलूप लावलं, आणि त्या माणसांच्या मागोमाग कठडा धरून जिना उतरू लागल्या.